सोप्यावरचा पाव

सर हसले.

आधी शर्मिला हसली, मग सर. आत देवघराकडून सरांची आईही हसली, तिला त्यातलं काय कळलं देव जाणे. मी बाहेर सोप्यावर बसले होते. डिचोलीकडच्या घरांना पुढच्या दाराला लागून सिमेंटची बसायची जागा असते, तिला सोपो म्हणतात. माझ्या हातात पाव होता, अर्धा खाल्लेला. खाली पायरीवर सरांचा कुत्रा बसला होता, टायगर. त्याच्या पुढ्यात दुसरा पाव.

सर नेहमीसारखे उंबरठ्यावर उभे राहून शिकवत होते. आत जेवणाच्या टेबलाशी शर्मिला, बाहेर मी, मध्ये सर. त्यांनी शब्द दिला, कंपॅनियन. मग तो फोडून दाखवला. कॉम म्हणजे सोबत. पानिस म्हणजे लॅटिनमध्ये पाव. जो आपल्यासोबत बसून पाव खातो तो कंपॅनियन. सोबती. "आता वाक्यात उपयोग," सर म्हणाले. माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळेपर्यंत आतून शर्मिलाचा आवाज आला.

"सर, टायगर इज हर कंपॅनियन!"

"व्हेरी गुड," सर म्हणाले. "उदाहरण अगदी चपखल."

चपखल. या शब्दाचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. सरांच्या चेहऱ्यावरून कळला. आणि खोटं तरी काय होतं त्यात? त्या घरात पाव खाणारे आम्ही दोघेच. मी आणि टायगर.

सरांच्या घरात पाव उंबरठ्याच्या आत जात नसे. सरांची आई कडक सोवळ्यातली. "फिरंग्यांनी बांयंत पाव उडयलो आनी सगळो गांव बाटयलो," असं ती कुणाही आल्यागेल्याला सांगायची. विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्याले आणि बाटले, अशी ती गोष्ट. फिरंगी जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोवा मुक्त झाला होता. पाव मात्र बाहेरच. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा तेव्हा सर पाव घ्यायचे ते बाहेरच्यांसाठी. नारळ पाडायला येणारा पाडेली, भाटात, म्हणजे बागायतीत, काजू वेचणाऱ्या बायका, कुणाचा ड्रायव्हर, टायगर, आणि रविवारी मी.

पाव हातात कुणी देत नसे. सोप्यावर ठेवायचे, मग मी उचलायचा. चहा एका जाड काचेच्या कोपातून. कोप म्हणजे ग्लास. पोर्तुगीज गेले, हा शब्द आमच्या घराघरांत ठेवून गेले. तो कोप माझा, दुसऱ्या कुणाचा नाही. चहा झाला की बाहेरच्या नळावर धुवायचा आणि सोप्याच्या कठड्यावर पालथा घालायचा. हे मला त्या घरात कुणी सांगितलं नाही. आईनंच शिकवून पाठवलं होतं.

"गो, पिवन झाला की कोप धुवन पालथो घाल. तेंका सांगाची पाळी हाडू नको."

आम्ही महार. मूळचे दोडामार्गाकडचे, सिंधुदुर्गातले. बाबा सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे. ट्रकात माती. लाखमोलाच्या खनिजाला आमच्याकडे माती म्हणतात. आई खाणीवर दगड निवडायची, पाट्या वाहायची आणि काजूच्या हंगामात सुट्टीच्या दिवशी सरांच्या भाटात जायची. आमची खोली रस्त्याला लागून. भांड्यांवर तांबडी धूळ, अंथरुणावर तांबडी धूळ, भातात तांबडी धूळ. शाळेचा माझा पांढरा ब्लाऊज पांढरा असा मी कधी पाहिलाच नाही. आई तो दगडावर आपटआपटून धुवायची, तो आणखी लाल व्हायचा.

सरांनी मला निवडलं, हे खरं. ते नाकारणार नाही. सर पोर्तुगीज अमदानीत शिकलेले. त्यांना लॅटिन येत होतं. मुक्तीनंतर त्या लॅटिनला कोण विचारणार? म्हणून सरांनी ते इंग्रजी शिकवायला जुंपलं. फळ्यावर मधोमध एक मूळ लिहायचे आणि त्याच्यातून शब्द उपसायचे. स्क्रिब म्हणजे लिहिणं. त्यातून डिस्क्राइब, प्रिस्क्राइब, स्क्रिप्ट, मॅन्युस्क्रिप्ट. व्हिड म्हणजे बघणं. त्यातून व्हिजन, व्हिजिट, एव्हिडन्स. शर्मिलाकडे जाडजूड डिक्शनरी होती, तिच्या वडिलांनी पणजीहून आणलेली. माझ्याकडे मुळं होती. मुळं पाठ असली की अनोळखी शब्द आला तरी कुणाच्या दारात जावं लागत नाही, आपणच तो उघडायचा. मला तर वेडच लागलं. बसमधून उतरून घरापर्यंत चालताना बाजूनं मातीचे ट्रक जायचे, तोंडावर पदर धरून बायका थांबायच्या, आणि मी धूळ खात शब्द म्हणत चालायची. इन्स्पेक्टर, स्पेक्टेटर, रिस्पेक्ट.

रिस्पेक्ट म्हणजे वळून परत बघणं, असं सर सांगायचे.

त्या वर्षी एका खाण कंपनीनं शाळाशाळांतून इंग्रजी शब्दांची स्पर्धा ठेवली. फोंड्याला. प्रत्येक शाळेची एक जोडी. आमच्या शाळेची मी आणि शर्मिला. जी जोडी जिंकेल तिच्या पुढच्या शिक्षणाचा सगळा भार कंपनी उचलणार. शर्मिलाला याची गरज नव्हती. डिचोलीच्या बाजारात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. मला होती. बाबांनी सांगून टाकलं होतं, "धावी झाली की खाणीर. कालेज आमका कोण दितलो?" माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. फोंड्याच्या त्या हॉलमधून कॉलेजला जायचं, नाहीतर आईच्या शेजारी बसून दगड निवडायचे. म्हणून दर रविवारी सरांच्या घरी सराव. म्हणून सोपो. म्हणून कोप.

आता त्या रविवारची जी गोष्ट कुणालाच माहीत नाही ती सांगते. ते सगळे हसायच्या आधी मला अतोनात आनंद झाला होता.

सर म्हणाले होते, "पानिसवरून पोर्तुगीजांचा पांव झाला, आणि तोच आपला पाव." मग त्यांनी झाड वाढवलं. कंपॅनियन. कंपनी. अकम्पनी. पँट्री. पॅनियर म्हणजे पाव न्यायची टोपली. मी हातातल्या पावाकडे बघत राहिले. इतकी वर्षं इंग्रजी म्हणजे सगळं दुसऱ्यांचं. स्नो, फायरप्लेस, हॅट, टी-पार्टी. आमच्या खोलीतलं, आमच्या तोंडातलं त्या भाषेत काही नव्हतं. आणि आज एकदम पाव निघाला. बाबा ज्या कंपनीचा ट्रक चालवतात त्या कंपनीच्या पोटात पाव. मला वाटलं, ओरडून सांगावं कुणालातरी. तोंडात घास होता म्हणून राहिले.

तेवढ्यात शर्मिला बोलली.

आणि सर "आपला पाव" म्हणाले होते. आपला! ज्यांच्या स्वयंपाकघरानं पाव कधी पाहिला नाही, ते आपला म्हणत होते. शब्द त्यांना आत चालत होता. फळ्यावर चालत होता, जिभेवर चालत होता. खायचा पाव आणि तो खाणारी मी, आम्ही मात्र बाहेर.

उरलेला पाव मी टायगरपुढे टाकला. कोप धुतला. पालथा घातला. हात आपोआप चालत होते.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

"हसले तर हसले. पाव तर दिल्यानी ना?"

"कुत्र्यासारखो दिल्यानी."

"माका थय करटेतसून च्या गावता," आई म्हणाली. "तुका कोप तरी दिल्यानी. शिक्षण मेळता मगे गप रव."

आईला सरांच्या भाटात नारळाच्या करवंटीतून चहा मिळायचा. करवंटीवरून कोपावर. आमच्या घराण्याची ही प्रगती, आणि आईला तिचा अभिमान होता. मला तिचा राग आला, आणि राग येतो म्हणून स्वतःचाही आला. आईवर रागावून जाणार कुठे? ज्यांच्यावर रागवायचं ते डिचोलीत टेबलाशी बसलेले होते.

पुढचे रविवारही गेले. टायगर पायरीवर, मी सोप्यावर. आता शर्मिला येताजाता त्याला "कंपॅनियन" म्हणूनच हाक मारायची. कुत्राही त्या नावाला शेपूट हलवू लागला.

शेवटच्या फेरीत प्रत्येक जोडीनं एक मूळ घ्यायचं होतं. एकीनं त्यातून निघणारे शब्द सांगायचे, दुसरीनं ते शब्द घालून स्वतःच्या आयुष्यातली वाक्यं बोलायची. सरांनी मूळ निवडलं पोर्ट. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. सर खूश होते. "खाणवाले समोर बसणार. एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट. याहून चांगलं काय?" शब्द शर्मिलानं सांगायचे, वाक्यं मी. वाक्यंही सरांनीच तयार केली. माझे वडील खनिज ट्रान्स्पोर्ट करतात. कंपनी खनिज एक्स्पोर्ट करते. माझी आई पोर्टर आहे. कंपनी आमच्या कुटुंबाला सपोर्ट करते.

"तुझ्या तोंडी शोभतील," सर म्हणाले. "परिणाम होईल. आणि ब्लाऊज हाच घालून ये. नवा नको."

मी मान डोलावली. आईचं पाटी वाहणं माझ्या तोंडून इंग्रजीत जाणार होतं आणि त्याचा परिणाम होणार होता. कंपनीच्या लोकांचे डोळे पाणावणार होते. चालेल, म्हटलं. कॉलेज मिळत असेल तर तेही चालेल.

फोंड्याला आम्ही बसनं गेलो. मोठा हॉल, खुर्च्याच खुर्च्या. सकाळच्या फेऱ्या झाल्या. आम्ही शेवटच्या फेरीत पोचलो. मूळ सांगितलं की माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायचे, मला थांबवावं लागायचं. सरांची छाती फुगली होती. मधल्या सुट्टीत त्यांनी पिशवी उघडली. शर्मिलासाठी घरून स्टीलचा डबा, पोळी आणि बटाट्याची भाजी. तिला म्हणाले, "ये, इथे बस," आणि शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल उचलला. मग वर्तमानपत्रात बांधलेले दोन पाव काढले. फोंड्याच्या बाजारातून घेतलेले, गरम. ते घेऊन सर हॉलच्या मागच्या जिन्याकडे गेले. पुडी पायरीवर ठेवली.

"तू इथे बस. मोकळं आहे."

मी बसले. पुडी उचलली. सोडली. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आज इथे सरांची आई नव्हती. सोवळं नव्हतं, देवघर नव्हतं, उंबरठा नव्हता. मी त्या घराबद्दल इतके दिवस मनाशी काय म्हणत आले होते? सर चांगले, त्यांची आई तशी. म्हातारं माणूस, तिचं काय मनावर घ्यायचं. सर तरी काय करणार बिचारे? आणि आज सरांना कुणी अडवलं नव्हतं. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या होत्या. तरी त्यांचे पाय जिन्याकडे वळले आणि त्यांच्या हातानं पाव खाली ठेवला. उंबरठा त्यांनी डिचोलीहून बरोबर आणला होता.

मी पाव खाल्ला नाही. खरं तर भूक होती, पहाटे निघालो होतो. पुडी पुन्हा बांधली आणि तिथेच ठेवली.

आमचं नाव पुकारलं. पहिल्या रांगेत कंपनीचे साहेब, टाय लावलेले. दुसऱ्या रांगेत सर. शर्मिलानं शब्द सांगितले, न अडखळता. पोर्टर, पोर्टेबल, इंपोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट, सपोर्ट. मग माईक माझ्याकडे आला. सरांनी मला खूण केली, कर सुरू.

'माय फादर' एवढं मी म्हटलं. पुढचं येईना. विसरले नव्हते. अजूनही सगळी वाक्यं पाठ आहेत. माझ्या आईला पोर्टर म्हणून त्या टायवाल्यांसमोर उभी करायची आणि तिला ज्यांनी करवंटीत चहा दिला त्यांनी समोर बसून टाळ्या वाजवायच्या, हे माझ्या घशाखाली उतरेना.

मी म्हटलं, "द रूट इज पानिस. पानिस इज ब्रेड. कंपनी मीन्स पीपल हू ईट ब्रेड टुगेदर. इन माय सर्स हाउस आय ईट ब्रेड विथ द डॉग. द डॉग इज माय कंपनी."

हॉल हसला.

अख्खा हॉल. पहिल्या रांगेतला एक साहेब मांडीवर थाप मारून हसला. परीक्षकबाई हसल्या. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्यांना वाटलं, विनोद आहे, पोरगी हुशार आहे. अंगातलं सगळं बळ एकवटून मी जे बोलले होते ते त्यांनी लिमलेटच्या गोळीसारखं चघळून टाकलं. सरही हसत होते. ओठ फाकवून, घामेजलेल्या तोंडानं. इतरांना दिसावं म्हणून.

तेव्हा माझं इंग्रजी संपलं. मी माईक दोन्ही हातांनी धरला आणि आमच्या बोलीत बोलले.

"हसू नकात. कुत्रो खरो आसा. पाव खरो आसा. सर थय बसले हत, तेंका इचारा. आज हय सोवळा नाय, तरी माका जिन्यार बसवल्यानी. कित्याक, ता इचारा."

हसू थांबलं. एकदम नाही. मागचे थोडे हसतच राहिले, मग पुढचे का थांबले म्हणून तेही थांबले. माईकचा आवाज बंद झाला, तो कुणी बंद केला मला दिसलं नाही. परीक्षकबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ठरलेलं मूळ सोडून बोललात. शब्दसंग्रह चांगला आहे. पण मुलीला शिस्त हवी." पहिल्या रांगेतला साहेब घड्याळ बघू लागला. शर्मिला रडत स्टेजवरून उतरली. तिचंही बक्षीस मी घालवलं होतं.

बसमध्ये सर पुढे बसले, मी शेवटच्या बाकावर. डिचोलीच्या स्टँडवर उतरल्यावर ते थांबले. शाळेत आमच्याशी सर पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी घरच्या कोंकणीत बोलले.

"हांवें तुका शिळो पाव केन्नाच दिलो ना गो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंखुरं. त्यांना मनापासून वाटत होतं, मी काय कमी केलं या मुलीला? रविवार दिला, लॅटिन दिलं, दर वेळी ताजा पाव दिला, शिळा कधीच नाही. कुत्र्याचं उदाहरण चपखल म्हटलेलं त्यांना आठवतही नव्हतं. त्यांनी मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मला उत्तर सापडलं असतं. त्या पाण्याला काय उत्तर देणार? ते छत्री उघडून उन्हातून निघून गेले.

त्यानंतर सरांनी मला वर्गात कधी प्रश्न विचारला नाही. रागावले नाहीत, मार्क कापले नाहीत. फळ्यावर मूळ लिहायचे, एकेकाला उठवायचे, आणि माझा बाक आला की नजर पुढच्या बाकावर. मला उत्तर यायचं. तोंडात शब्द यायचे आणि तिथेच राहायचे. आईचं भाटातलं काम सुटलं. तिनं मला मारलं, चुलीच्या लाकडानं नव्हे, हातानं, आणि मारतामारता स्वतःच रडली.

"जेनी तुझ्या तोंडात जीभ घातल्यानी तेच्यावरच उलटलंस!"

दहावीनंतर मी खाणीवर गेले. आईच्या शेजारी बसून दगड निवडले. खडा हातात घ्यायचा, जड असला की इकडे, हलका असला की तिकडे. डोक्यात शब्द चालूच. पुढे बाहेरून परीक्षा दिल्या, अडखळत, एक पास एक नापास अशा. शर्मिलाला जी वाट सरळ मिळाली ती मला वळसे घालून घालून मिळाली, आणि मिळाली तोवर माझे बाबा धुळीनं खोकून खोकून गेले होते. आज पेडण्याकडे, पार्से गावाजवळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. मुळांवरूनच शिकवते. लोक म्हणतात, बघा, जिद्द असली की होतं. मला त्या म्हणण्याचा संताप येतो. जिद्द! दुसऱ्याला खुर्ची मिळते आणि आम्हाला जिद्द.

आणि एक सांगायचं राहिलं. माझा हात अजून कप पालथा घालतो. स्टाफरूममध्ये शिपाई आहे, तो सगळ्यांचे कप उचलतो. माझा कप त्याला उचलावा लागत नाही. मी तो बेसिनमध्ये धुते आणि खिडकीत पालथा घालते. नव्या बाई एकदा म्हणाल्या, "किती टापटीप हो तुमची!" मी हसून दाखवलं. कोण त्यांना सांगत बसणार?

गेल्या आठवड्यात शर्मिलाचा फोन आला. सरांचा अमृतमहोत्सव आहे. मोठा सत्कार आहे, गौरवग्रंथ निघणार आहे. ती समितीत आहे. माझ्याकडून दोन पानं हवीत आणि कार्यक्रमात दोन शब्द. "सुर्ल्याच्या खाणीवरचं चेडूं सरांनी कसं घडवलं, तें बरय गो," ती म्हणाली. बरय म्हणजे लिही. "सर तुका दर आयतारा खावपाक दिवन शिकयताले. तेंय बरय."

मी हूं म्हटलं.

"आनी ती टायगराची गंमत बरय हां. सगळीं हांसतलीं."

गंमत. इतक्या वर्षांनी तिच्याकडे ती गंमत म्हणून शिल्लक आहे, फोटोच्या आल्बममध्ये असावी तशी. फोंड्याचा हॉल तिला आठवत होता की नाही, मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, सरांची आई कधीच गेली, आता सरांच्या घरी सगळे पाव खातात. नातवंडांना तर पावभाजीच लागते. टेबलावर पाव असतो. म्हणजे पाव शेवटी आत गेला. मी अजून त्या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही.

मी फोन ठेवला आणि लिहायला बसले. ही ती दोन पानं. दोनाची जास्त झाली, त्याला इलाज नाही.

शर्मिला, तू मागितलीस ती गंमत वर लिहिली आहे. छापायची तर सगळी छापा. टायगर ठेवून जिना गाळायचा नाही. सरांनी मला मुळं दिली, हेही लिहिलं आहे. तेही गाळू नका. ती मुळं मी परत करणार नाही, आणि त्यांच्या बदल्यात पायही धरणार नाही. भाषा काही सरांच्या भाटातली नव्हती. ज्या माणसाला कंपॅनियन या शब्दाच्या पोटातला पाव दिसला आणि सोप्यावर बसलेली मुलगी दिसली नाही, त्याला विद्वान म्हणा, तुमची मर्जी. माझे गुरू म्हणून माझं नाव त्याला जोडू नका.

सत्काराला मात्र मी येणार आहे. बोलावलंय तुम्हीच, तेव्हा व्यासपीठावर खुर्ची द्यावी लागेल. मी त्या खुर्चीवर बसेन. चहा येईल, तो सरांच्या शेजारी बसून पिईन. कालच स्टाफरूममध्ये मी सराव केला. चहा प्याले, कप तसाच टेबलावर ठेवून उठले. दारापर्यंत गेले. पाय पुढे जाईनात. परत आले आणि धुतला. इतकं खोल गेलंय ते. आज पुन्हा केलं. आज जिना उतरून अंगणापर्यंत गेले, आणि परत वळले नाही.

त्या दिवशीही वळणार नाही. माझा कप सरांच्या समोर टेबलावर राहील. उताणा, उष्टा, तळाशी चहा उरलेला. ज्याला धुवायचा त्यानं धुवावा.